काई नाई लिहिलेलं वावर

श्रावणा, इकडे ये. असा उंबऱ्यापाशी नको उभा राहू, जवळ ये, चाकापाशी बस. आधी मले तुह्यावर थोडं रागावू दे, मग बाकीचं सांगते.

दहाव्याले नाल्याच्या काठी चुलत भावानं पिंड ठेवला, आम्ही हात जोडून मागं सरकतो न सरकतो तर कावळा आला अन् शिवून गेला. इतकी घाई? लोकायचे कावळे तास-तास झाडावर बसून राह्यतात. घरच्यायले रडवतात, हे करू ते करू असं कबूल करून घेतात, मग कुठं खाली उतरतात. तू काहीच कबूल करून घेतलं नाई. सारे म्हणाले, "श्रावण तृप्त होऊन गेला, त्याचं मागं काई राह्यलं नाई." मले असा संताप आला बाप्पा! काई राह्यलं नाई म्हणे. अरे लेका, सारंच राह्यलं होतं. त्या मालगुजार आबासाहेबाले जाब विचारायचा राह्यला होता. तू सोडून दिलं असशील, तुहा स्वभावच तसा. मी नाई सोडलं. मी काय केलं तेच तुले सांगायले बसली.

बोलून सांगत नाई, लिहून राह्यली. बोलताना मी मधातच भांडायले लागते अन् खरी गोष्ट निसटते. वर्ध्याहून त्या खादीवाल्या बाई दुपारच्या यायच्या, पारावर बायायले मुळाक्षरं शिकवायच्या, तेव्हा तू किती हसला होता. "अक्का, पन्नाशीत अ आ इ शिकून कोणाले चिठ्ठी धाडणार तू?" घे, तुलेच धाडून राह्यली.

अल्लीपूरहून मी उघड्या कपाळानं माहेरी आली तेव्हा तुही बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मग घरात आपण दोघंच. तू चाकावर, मी आव्यापाशी. तू मडकं घडवायचं, मी भट्टीत भाजायचं. भांडायले तिसरं कोणी नव्हतं म्हणून एकमेकांशीच भांडलो, अन् सगळ्यात जास्त त्या गोट्यायवरून भांडलो.

नाल्यापलीकडे आबासाहेबाचं पडीक वावर. त्याले सारे गवळ्याचं वावर म्हणतात. तिथं मोठमोठे काळे गोटे गोल मांडलेले. पंगत जेवून उठली अन् पाट तिथंच राह्यले, असं वाटे. असे सात गोल. जुने गवळी तिथं ढोरं बांधत, असं आपला बाप सांगे, त्याचा बाप सांगे. गावात पाहुणा आला की त्याले केळझरचा किल्ला दाखवत, नाईतर बैलगाडी जुंपून पवनारले नेत, जुन्या राजायची राजधानी पाहायले. आपल्या गोट्यायवर शेळ्या बसत.

एकदा तू तिकडे माती आणायले गेला अन् टोपलीत माती कमी, खापरंच जास्त घेऊन आला. मी ओरडली, "घरात खापरायची काय कमी आहे, म्हणून बाहेरून आणून राह्यला?" तू एक खापर माह्या हातात दिलं. "बोट फिरव. बाहेर लाल, आत कसं काळं कुळकुळीत आहे पाह्य."

"कच्चं राह्यलं. आवा नीट पेटला नसन."

"कच्चं नाई अक्का, नखानं वाजवून पाह्य. कशी खणकन बोलते! हे त्यानं मुद्दाम केलं. आत भुसा कोंडला, पालथं घातलं, मग भाजलं. हवा आत शिरली नाई म्हणून काळं."

"असं कोण करते?"

"ज्याले करता येते तो."

त्या खापरावर अंगठ्याची खूण होती. तू आपला अंगठा त्यात ठेवला तर बरोबर बसला. तू दिवसभर तेवढंच बोलत होता. "ह्या माणसाचा अंगठाही माह्यावाणीच डावीकडे वळते." अन् संध्याकाळी जेवताना म्हणाला, "तिथं ढोरं नव्हते बांधत अक्का. मेलेले माणसं निजवले आहेत. प्रत्येकाच्या उशाशी मडकं ठेवलं." मी म्हटलं, "तिथं काई नाई. जेव अन् सकाळी चाक फिरव." म्हणजे पाह्य, ते दोन शब्द आबासाहेबाच्या आधी मीच बोलली होती. किती वर्षं बोलली, ते तुलेच माहीत.

मग पावसात काठ खचला अन् तुले ते अख्खं मडकं सापडलं. नारळाएवढं. दुपट्ट्यात गुंडाळून आणलं, कोनाड्यात ठेवलं, येता-जाता त्याच्याकडे पाहून हसे. आता जे मी लिहिणार आहे ते आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाई. आज लिहिते.

तू सिंदीच्या बाजारात गेलता. मी आवा रचून राह्यली होती. कोनाड्यातलं मडकं दिसलं, हात घातला, आत काळं. मनात आलं, भावाचं एवढं आवडीचं मडकं, अन् कच्चं राह्यलं बिचारं, आज चांगलं भाजून देऊ. आव्याच्या मधोमध ठेवलं रे, जिथं आच सगळ्यात सारखी लागते तिथं. काढलं तर आतून बाहेरून लालभडक! तू बाजारातून आला तसं मी हौसेनं तुह्या हातात दिलं. "पाह्य, आता झालं पक्कं."

तू ओरडला नाई. ते मडकं कानापाशी नेलं, बोटानं एकदा वाजवलं, कोनाड्यात परत ठेवलं अन् नाल्याकडे निघून गेला. आठ दिवस माह्याशी एक शब्द बोलला नाई. नवव्या दिवशी ताटावर बसून म्हणाला, "अक्का, भाजीत मीठ कमी आहे." मी मीठ वाढलं. तुले वाटलं असन मिटलं. मले माफी मागायची होती, ती त्या मिठासंगंच ताटात गेली.

अन् नेमकं तेच मडकं माघ महिन्यात आडवं आलं.

नागपूरहून सरकारी साहेब येणार, जुने किल्ले अन् जुने दगड पाहणार, लिहून घेणार, असं गावात पसरलं. सोबत कोण, तर आबासाहेब. मालगुजारी गेली, गावाची मालकी गेली, तरी तोरा काई गेला नाई. कडक धोतर, छातीवर घड्याळाची साखळी. तू सकाळपासून रस्त्याच्या कडेले टोपली घेऊन उभा. मी भाकर घेऊन आली तर खाल्ली नाई. "हात खरकटे होतील, साहेबाले खापरं द्यायचे आहेत." किल्ला पाहून, जेवून, दुपार कलल्यावर जीप आली. साहेब भला माणूस दिसे, त्यानंच नाल्याकडे बोट केलं. "उधर क्या है? ते काळं काय दिसते?"

आबासाहेबानं मानही वळवली नाई. "तिकडे? तिकडे काई नाई साहेब. गवळ्याचं वावर आहे."

संगतचा कारकून जीपच्या पुढच्या झाकणावर कागद ठेवून लिहीत होता. त्यानं तेच लिहिलं. मी त्याच्या मागंच उभी होती, माह्या डोळ्यानं वाचलं: 'गवळ्याचे वावर – काही नाही.' आयुष्यात पाटीबाहेरचं मी पहिल्यांदा काही वाचलं, ते हे.

तू पुढं धावला. "आहे साहेब, आहे!" खापरं टोपलीच्या तळाशी होते, अख्खं मडकं वर होतं. तुले वाटलं, आधी अख्खंच दाखवू. कारकुनानं ते हातात घेतलं, फिरवलं अन् म्हणाला, "हे तर कालच्याच आव्यातलं. अजून गरम आहे का बघू!" सारे हसले. आबासाहेब तर पोट धरून हसला. "आमचा कुंभार जरा छांदिष्ट आहे साहेब." जीप निघून गेली. तू टोपली डोक्यावर घेतली अन् माह्याकडे पाह्यलंही नाई. पाह्यलं असतं तर बरं झालं असतं. एक शिवी दिली असती तर त्याहून बरं.

आबासाहेबानं 'काई नाई' काऊन म्हटलं, ते फागुनात समजलं. केळझरच्या किल्ल्याकडे मोटारी जायले पक्की सडक होणार होती अन् ठेका आबासाहेबाचा. दगड लांबून कोण आणते? गवळ्याच्या वावरात सबली अन् घण घेऊन माणसं उतरले. एकेक गोटा फोडून गिट्टी केली. हे लिहिताना आजही माहे दात करकरतात, श्रावणा. जुनं पाहायले जायची सडक, अन् तिच्या खाली काय अंथरलं, तर त्याहून जुनं. शहरातले लोक आता मोटारीत बसून त्यायच्या छातीवरून किल्ला पाहायले जातात.

होळी झाली, चैताचं ऊन चढलं. सबलीवाले एका गोलापाशी पोचायच्या आधी तू तिथं पोचे अन् मातीतून खापरं वेचे. मी कैरीचं पन्हं घेऊन मागं-मागं. "अरे, ऊन लागन! डोक्यावर काही घे!" तू म्हणे, "ह्यायच्या उशाचं कोणी घेऊन गेलं तर ह्यायले पाणी कशात मिळन?" सहावा गोल फुटला त्या दिवशी तू घरी आला तो थरथरतच आला. अंग तव्यासारखं. दोन दिवस काढले. शेवटचं काय बोलला आठवते? "टोपली झाकून ठेव." मले काही म्हटलं नाई, देवाचं नाव घेतलं नाई. टोपली. झाकली रे बावा, झाकली.

लोक म्हणाले, ऊन लागलं. उन्हाले जबाबदार कोणी नसते, म्हणून लोकायले ते सोपं वाटते. मले ठाऊक होतं कोणाचं नाव घ्यायचं.

आता जवळ सरक. आता मजा ऐक.

वैशाखात आबासाहेबाच्या पोरीचं लग्न निघालं. बलुतेदार काय अन् मालगुजार काय, लग्नाच्या आधी बायायनं वाजत-गाजत कुंभाराच्या घरी यायचं, चाकाले हळद-कुंकू वाहायचं अन् रंगवलेले मडके डोक्यावर घेऊन जायचं. त्याशिवाय मांडवात मुहूर्त लागत नाई. ते मडके तू पूस महिन्यातच करून ठेवले होते, तुह्या हातचे शेवटचे. मी त्यायले चुना दिला, गेरूनं वेली काढल्या अन् ओसरीत रांगेनं मांडले. दिसले पाह्यजे ना!

बाया आल्या. पुढं वाजंत्री, मागं आबासाहेबाची बहीण, आत्याबाई, नऊवारी शालूत घामेजलेली. मी दारात आडवी बसलेली.

"काऊन गं, दारात काऊन बसली? ऊठ, चाक पुजू दे. मडके दे, मुहूर्त चुकते."

"कायचे मडके आत्याबाई?"

"अगं लग्नाचे! भावाच्या दुःखानं डोकं फिरलं का?"

"इथं काई नाई."

"काई नाई म्हणजे? ते काय, मागं रांगेनं दिसून राह्यले!"

"तुमाले दिसून राह्यले? साहेबालेही गोटे दिसून राह्यले होते. तुमच्या भावानं सांगितलं काई नाई, सरकारनं ते लिहून घेतलं. मीही ह्याच गावची. मलेही तसंच दिसते."

बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. वाजंत्रीवाल्यायले कोणी थांबा म्हटलं नाई, ते बापडे वाजवतच राह्यले. कोणीतरी मागून म्हणालं, "सिंदीहून आणू ना मडके!" तर आत्याबाईच तिच्यावर खेकसली. "दुसऱ्या गावच्या चाकावर आपली पोरगी उजवतेस काय? आबाले बोलाव!"

आबासाहेब आला. चालत आला, उन्हात, अन् चाकाच्या घरात जोड्यानं येत नाईत म्हणून जोडे अंगणातच काढले. तापलेल्या मातीवर पाय असे उचले जसा कोंबडा. श्रावणा, तुह्या आव्यापुढची ती माती मी त्या दिवशी मुद्दाम शिंपली नव्हती.

आधी दरडावलं. मग आवाज मऊ केला. "अक्का, तुझं दुःख मी समजतो. श्रावण मला भावासारखाच होता."

"भावासारखा असता तर सावलीत मेला असता."

मी म्हटलं, "ह्या साऱ्यायच्या समोर सांगा. गवळ्याच्या वावरात काय आहे?"

"काय असणार? दगड..."

"वाजंत्रीवाले थांबतील. मुहूर्त थांबन का, ते तुमी पाह्या."

आत्याबाई किंचाळली, "सांग ना रे आबा, काय आहे ते! पोरगी हळद लावून बसली आहे तिकडे!"

शेवटी बोलला. जुने गोल आहेत, जुने मडके आहेत. मी म्हटलं, हेच साहेबाले लिहून द्या. "उद्या लिहितो, माणूस धाडतो." म्हटलं, नाई, इथंच. दौत-टाक आणवलं. तुह्या चाकाच्या कडेले मांडी घालून बसला अन् लिहिलं, मग खणखणीत वाचून दाखवलं: "गवळ्याच्या वावरात प्राचीन दगडांचे गोल व मडकी आहेत, तरी पाहणी करावी." बाया म्हणाल्या, झालं! मी हात पुढं केला. तो हसला. "घे. अंगठा उमटवतेस का?"

मी कागद घेतला. बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली, मोठ्यानं. मुहूर्त गेला खड्ड्यात. "वा-व-रात... जुने... दगड व-गैरे... अस-ल्या-स... पाहणी करावी." मी वर पाह्यलं. "हे 'असल्यास' कुठून आलं आबासाहेब? तोंडात तर 'आहेत' होतं."

एक पोरगी खुदकन हसली. मग दुसरी. मग सारी ओसरीच हसली, जसे त्या दिवशी जीपपाशी सारे हसले होते. तो घामानं थबथबला. 'दगड वगैरे असल्यास' खोडलं, 'दगडांचे गोल व मडकी आहेत' लिहिलं. मी म्हटलं, आता खाली अजून एक ओळ: मी 'काही नाही' असे सांगितले होते, ते खोटे होते. त्यानं टाक पुन्हा दौतीत बुडवला. वाजंत्री अजून चालूच होती. लिहिलं. सही केली. सहीखाली मी पुन्हा बोट फिरवलं, नाव त्याचंच आहे का म्हणून.

मग मडके दिले. खरं सांगू, एक बारीक तडा गेलेलं होतं, ते आत्याबाईच्या डोक्यावर द्यावं असं मनात आलं होतं. मांडवात फुटलं असतं म्हणजे! हातात घेतलं, तर बुडाशी तुहा डावीकडे वळलेला अंगठा. ते आत नेऊन ठेवलं, बाकीचे दिले. दुसऱ्या दिवशी पायी जाऊन कागद पोस्टात टाकला, डब्यात पडल्याचा आवाज येईतो कान लावून उभी होती.

तरी मन भरलं नाई. बाजाराले जाताना मी त्या सडकेवर पाय ठेवत नाई, कडेच्या काट्यातून चालते. त्याची गाडी आली की थुंकते, त्याले दिसन अशी. हे मी मरेपर्यंत करणार, मले कोणी क्षमा-बिमा शिकवू नये. पण एक माणूस ह्यातून सुटून राह्यलं, श्रावणा. ज्या बाईनं तुहं मडकं आव्यात घातलं तिले कोणत्या दारात अडवू? तिच्याकडून काय लिहून घेऊ? तू गेल्यापासून मी अळणी जेवते. तेवढंच सुचलं. मीठ कमी आहे म्हणणारं कोणी नाई, तर मीठ कायले?

साहेबाचं कार्ड आलं आहे. मीच वाचलं, तीनदा. पाऊसपाणी सरल्यावर येतो, राह्यलेला गोल कोणी हलवू नये, खापरं जपून ठेवावी. सातवा गोल तेवढा राह्यला, पळसाच्या झुडपात. आबासाहेबानं कागद लिहिला त्या दिवशीपासून सबलीवाले तिकडे फिरकले नाईत.

काल खापरं काढायले टोपलीवरचं फडकं उचललं. वरचे खापरं काढत गेली तर खाली अजून निघाले, अन् त्यातले काही मले नवे वाटले. बाहेर लाल, आत काळे. आव्यामागं पाह्यलं तर भुश्याचं पोतं अर्धं. तू करून राह्यला होता? माह्यापासून लपून? ते एक मडकं मी जाळलं म्हणून किती फोडले असशील कोण जाणे! माह्यासाठी करत होता, का मले दाखवायले, की अक्का, हे कच्चं नसते? अन् फोडून त्याच टोपलीत टाकले, जुन्याशी ताडून पाहायले. आता मी नखानं वाजवून पाहते, जिभेले लावून पाहते, अंगठे पाहते. सारे डावीकडेच वळतात. सासरी अन् माहेरी मिळून चाळीस वर्षं मी आवा राखला अन् मले त्यायचं कोणतं अन् तुहं कोणतं ते सांगता येऊन नाई राह्यलं.

कबूल करते, एक पाप मनात आलं. तुहंच खापर साहेबाच्या काचेच्या कपाटात जाऊन बसलं तर? आबासाहेबाले जन्मभर त्याच्यापुढं मान वाकवावी लागन. मले फार हसू आलं. पण तू रागावशील. अन् कारकुनानं पुन्हा म्हटलं, हे तर कालच्याच आव्यातलं, तर? सातवा गोलही जाईल. एकदा माह्या हातानं झालं, दुसऱ्यांदा नाई होऊ द्यायचं.

म्हणून सांगते, पाणी सरायच्या आत एकदा येजो. कावळा नको धाडू, तो घाई करते. तूच ये. ओसरीत बस, टोपली पुन्हा झाकून ठेवली आहे, त्यायचे अन् तुहे असे दोन ढीग करून दे. मग जेवूनच जाजो. तुह्यापुरतं मीठ घालून ठेवीन. कमी पडलं तर बोलजो रे बावा, गप्प नको राहू. लवकर येजो.